पाद्र्याची दाढ

शेवटच्या रात्री हेइल्वेनने नोंदवहीत लिहिलं:
वारा नैर्ऋत्य, पाच. दृश्यता बरी.
आणि खाली, नियमात नसताना:
किटली घरी नेतेय. ती माझीच होती.

सव्वीस वर्षं त्या खिडकीशी.
काळोखात दिसायचं काय, कपाळ!
पण पाऊस काचेवर कुठून आपटतोय
एवढ्यावरून ती सांगायची,
खाडीच्या तोंडाशी आत्ता लाट कशी फुटत असेल.
याला अहवालात रकाना नव्हता.
अहवालात एकच शब्द होता, एकत्रीकरण.

इड्रिस आता सुपरमार्केटात रात्री डबे रचतो.
म्हणतो, इथे कुणी बुडत नाही,
तरी दिवसा झोप लागत नाही.
मेरेरिदला बदली मिळत होती, दीडशे मैलांवर.
आईला कोण उचलून बसवणार, म्हणून राहिली.

मार्चमधलं उधाण.
स्वयंपाकघरात जुना रेडिओ, ऐकण्यापुरता,
त्यातून बोलता येत नाही.
हेइल्वेन ताटल्या विसळत होती
आणि एक कोवळा, फाटलेला आवाज:
पाद्र्याच्या दाढेवर आहोत, मोटर बंद, तिघं जण—

दीडशे मैलांवरून कुणी मुलगी, अगदी नम्र:
कृपया ठिकाणाचं स्पेलिंग सांगा.

नकाशावर दाढ नाही.
तिथे फक्त खोलीचा एक बारीक आकडा.
भांगेच्या भरतीत ती डोकं वर ठेवते,
उधाणात चाळीस मिनिटांत पाण्याखाली.
पोराला स्पेलिंग येईना.
मुलगी पुन्हा विचारत होती. पुन्हा.

हेइल्वेनने साबणाच्याच हाताने फोन उचलला.
गेथिन. दाढ. उधाण आहे.
लाइफबोटीच्या त्या तांडेलाने हूं सुद्धा म्हटलं नाही,
नुसता दाराचा आवाज आला.

तिघे मिळाले. कमरेइतक्या पाण्यात,
एकमेकांना धरून.
अहवाल म्हणाला, नवी यंत्रणा कसोटीला उतरली.
फोनला लागलेला साबण
कशात नोंदवणार?

चौथ्या दिवशी घंटी वाजली.
तोच नम्र आवाज. आज ड्यूटीवर नव्हती,
नंबर गेथिनकडून घेतला म्हणाली.
बराच वेळ नुसता श्वास.
मग: अशा आणखी किती आहेत?

हेइल्वेनने किटली चढवली,
खुर्ची ओढली.
पेन्सिल घे, म्हणाली. पेन नको, खोडावं लागेल.
उत्तरेकडून सुरू करू.