पासष्टच्या आत

माधवनगर रोडला, पंपाच्या कोपऱ्यात माझी ओम्नी.
आत संगणक, प्रिंटर, एक पंखा,
बाहेर पाटी : पीयूसी.
लोक खाली उतरत नाहीत.
काचेतून नोट, नंबरप्लेटचा फोटो, चालले.
धूर कोण बघतो?
मी पण नाही बघत, खोटं कशाला सांगू.

नेमगोंडा मगदूम मात्र उतरले.
पांढरी मर्सिडीज, सत्त्याण्णव सालची, डिझेल.
बॉनेटवरचा तारा कुणीतरी कधीच मोडून नेलेला,
तिथं एक भोक, भोकात एम-सील.
म्हणाले, नळी घाल. नीट आत घाल.
मी म्हटलं, आण्णा, फोटोवर होतंय की.
फोटो काय करायचाय, म्हणाले,
फोटो घरात ढीग आहेत.

रेस दिली.
मागच्या चहावाल्यानं दुधावर ताट झाकलं.
अठ्ठ्याऐंशी.
पासष्टच्या आत पाहिजे, मी म्हटलं.
"मी स्वतः त्र्याहत्तर. मला कोण पास करतंय?"
हसले नाहीत.

पुढच्या मंगळवारी परत.
डिझेल फिल्टर नवा, इंजेक्टर कोल्हापुरात साफ केलेले.
एकोणऐंशी.
तिसऱ्या खेपेला टाकीत कसलंसं औषध ओतून आणलं,
तर ब्याऐंशी.

पुण्याहून मुलाचा फोन :
भंगारात घाला आता, नव्या गाडीवर सूट मिळते.
फोन स्पीकरवर होता.
आवाज कमी करायचं बटण त्यांना सापडेपर्यंत
मी सगळं ऐकलं,
चहावाल्यानंही.

मग मिरजेहून दस्तगीर मुल्ला आला.
आधी काहीच उघडलं नाही त्यानं.
बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला,
गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवतात तसा.
म्हणाला, हिला श्वास मिळंना, आण्णा.

एअर फिल्टरचा डबा. क्लिपा गंजलेल्या.
शेवटची त्यानं स्क्रूड्रायव्हरनं उचकटली
आणि झाकण उघडलं तर
आत हळद.

कागद राहिलाच नव्हता,
पिवळी वीट झाली होती.
मार्केट यार्डातल्या गोदामात उभी असायची ती,
पोत्यांच्या थप्पीला लागून, वीस वर्षं.
सौदे निघायचे, पोती फुटायची, हमाल शिंकायचे,
आणि ही रोज सकाळी सुरू झाली की
घेईल तेवढं आत ओढून घ्यायची.
दुकान विकून सहा वर्षं झाली,
हिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दस्तगीरनं वीट 'पुढारी'च्या कागदावर आपटली.
आण्णांनी चिमूट उचलली,
अंगठ्यानं मळली, नाकाशी नेली,
ढिगापुढं उभं राहून नेत असतील तशी.
"राजापुरी," म्हणाले. "पुराच्या आधीची."
मला विचाराल तर काळपट माती होती ती.
मी विचारू दिलं नाही कुणाला.

नवा फिल्टर आठ दिवसांनी आला, कुरिअरनं.
रेस दिली. परत दिली. परत.
चहावाला ताट उचलून तयार,
तसाच उभा राहिला.
चौपन्न.

प्रिंटरमध्ये कागद अडकला, नेहमीसारखा.
ओढून दिला, एक कोपरा फाटला.
मुदत सहा महिने.
तेवढीच ओळ त्यांनी दोनदा वाचली,
घडी पासबुकाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवली.

मग किल्ली काढली
आणि इंजिन चालूच.
किल्ली हातात, गाडी धडधडतेय.
मी धावलो. त्यांनी हात केला :
काही नाही रे, व्हॅक्यूम गळतोय, जुनं दुखणं.
बॉनेट उघडलं, आत वाकले.
तिथं एक खटका असतो, दाबला की बंद.
लगेच दाबला नाही.

मागं एक बुलेटवाला हॉर्न देत होता.
नोट पुढं केली त्यानं, खाली न उतरता.
मी घेतली. फोटो काढला.
त्या फोटोत नंबरप्लेटच्या वर,
थोडी हललेली,
आण्णांची पाठ आली आहे.