तासाला दोन मिलिमीटर

छपरावर एक यंत्र आहे, वाऱ्याकडे तोंड करून फिरणारं.
त्याला एक फट, नखाएवढी.
आत ढोल, ढोलावर चिकट पट्टी,
ती तासाला दोन मिलिमीटर सरकते.
तुर्कू शहराचा श्वास मी असा मोजते, सव्वीस वर्षं.
सोमवारी नि गुरुवारी शिडी चढायची, पट्टी बदलायची,
पायऱ्यांवरचा बर्फ आधी बुटाने फोडायचा.

आज गुरुवार. एप्रिल अर्धा सरला.
अंगणातल्या भूर्जाचे तुरे अजून मुठी आवळून आहेत,
टणक, तपकिरी.
आउरा नदीत बर्फाचे तुकडे
यंदा अजून एकमेकांना ढुशा देतायत.
आणि भिंगाखाली, मंगळवार पहाटे चारच्या रकान्यात,
एक भूर्ज. मग सात.
मग मोजणी सोडून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

तीन कोपऱ्यांचा फुगीर कण, कोपऱ्याला एकेक छिद्र,
रंगाच्या थेंबाने गुलाबी झालेला.
आमचा नाही हा. एस्टोनियातला असेल,
किंवा आणखी खाली, लाटव्हियातल्या
कुठल्याशा पडीक शेताच्या बांधावरचा,
रात्रीतून समुद्र ओलांडून आलेला,
न भिजता.
आमच्याआधी आमच्या गावात पोचलेला
दुसऱ्याचा वसंत.

फोन वाजला. वेइक्को, माझा भाऊ.
"तुझ्या अहवालात अजून शून्य आहे, वाचलं मी,
पण मंगळवारपासून माझं नाक..."
पुढचं वाक्य शिंकेत गेलं.

टपाल वाटतो तो, सायकलवर, नदीच्या अलीकडे.
जून उजाडेपर्यंत त्याचे डोळे असे
की दारात बायका हळू आवाजात विचारतात, कोण गेलं?
गेलं नाही कुणी, तो म्हणतो, आलंय.
सफरचंद खात नाही. चावलं की ओठ आतून खाजतात.
त्याच्या रक्ताला सफरचंदातही भूर्ज दिसतो,
परक्या माणसात अचानक
वैऱ्याची हनुवटी दिसावी तसा.

एकदा मी त्याला सांगितलं होतं
वाऱ्यावर संसार करणाऱ्या झाडाचं गणित.
मधमाशी नको, मध नको, रंगाचा खर्च नको.
एकेका तुऱ्यात लाखो कण, त्यातला एखादा
दुसऱ्या भूर्जाच्या ओलसर टोकावर टेकला
तरी झाड भरून पावलं.
आणि बाकीचे?
बाकीचे गाड्यांच्या काचांवर, तळ्यावर पिवळी साय होऊन,
वाळत घातलेल्या चादरींत, माझ्या पट्टीवर.
तुझ्यात.
तो बराच वेळ रुमालात होता.
मग म्हणाला, पत्ता न घालता एवढी पत्रं टाकायची,
आणि परत आलेली घ्यायलाही घरात कुणी नाही!
आमच्या खात्यात हे चाललं नसतं.

पण जूनच्या अखेरीला, रात्र नसलेल्या त्या रात्री,
हाच वेइक्को कोयता घेऊन रानात जातो,
भूर्जाच्याच कोवळ्या फांद्या तोडून जुडी बांधतो,
सौनाच्या वाफेत बसून ती खांद्यांवर, पाठीवर
सपासप मारून घेतो.
मग, मी पाहिलंय,
त्या ओल्या पानांत तोंड खुपसतो
आणि दोन्ही नाकपुड्या भरून श्वास घेतो,
सावकाश,
भांडण झालेल्या घरी
वर्षाने जेवायला बसल्यासारखा.

त्याला अजून नऊ आठवडे आहेत.
मी अहवालात लिहिते:
भूर्ज, घनमीटरला एकवीस. स्थानिक फुलोरा नाही.
खाली नेहमीचं वाक्य, औषधं सुरू करावीत.
पाठवण्याआधी भावाला फोन लावते. उचलत नाही.
हात पत्रांत असतील, किंवा रुमालात.

वर नव्या पट्टीवर गुरुवार सरकतोय,
अजून कोरा,
म्हणजे नुसत्या डोळ्यांना.