रोख मूल्य

बुधवारी दुकान उघडून दहा मिनिटं होत नाहीत
तोच ओडेसा प्रुइट दारात.
तिला पाहिलं की बाकीच्या पोरी
आपापल्या काउंटरवरचा दिवा मालवतात.
मी नवी होते, मला कुणी सांगितलं नव्हतं.
तेव्हापासून ती माझ्याकडेच येते.

बगलेत बुटांचा खोका, नवऱ्याच्या,
आत पुठ्ठ्याचे कप्पे, वर शाईने नावं:
साबण. डबाबंद. गोठवलेलं. दात. कुत्रा.
कुत्रा जाऊन तीन वर्षं झाली.
कप्पा आहे.

टोलीडोत बुधवारी आमच्याकडे कूपन दुप्पट चालतं,
पन्नास सेंटांचं कागद डॉलर होऊन बसतं.
एकसष्ट डॉलर चाळीस, मी सांगते,
मग एकेक चिठ्ठी यंत्राखालून जाते,
टुं, टुं,
आणि ती पडद्याकडे बघत राहते,
लेकराचा ताप उतरताना
आई थर्मामीटरकडे बघते तशी.
अठ्ठेचाळीस. एकेचाळीस दहा.
टूनाचे आठ डबे फुकटात पडले
तेव्हा तिच्या ओठाचा एक कोपरा हलला,
एकच.
एकोणीस डॉलर आठ सेंट.

मागचा माणूस हातात दुधाचा एकच कॅन घेऊन
सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा उसासा टाकतो.
हॅल्डरसन साहेब ऑफिसच्या काचेतून बघतात.
दात कोरून पोट भरत नाही,
असंच काहीसं ते एकदा म्हणाले होते.
ते गाडीने घरी जातात.
ओडेसा दोन बस बदलते.

मार्चमधली गोष्ट. मोहरीची बाटली,
तिच्यावरचं चाळीस सेंटांचं कूपन
आदल्या दिवशी संपलेलं.
यंत्र घेईना. मी पुन्हा फिरवलं. घेईना.
"काल मी दवाखान्यात होते," ती म्हणाली,
मला नाही, यंत्राला.
मग बाटली उचलली
आणि रांग तशीच ताटकळत ठेवून
स्वतः जाऊन सहाव्या गल्लीत
जिथली होती तिथे ठेवून आली,
नावाची चिठ्ठी समोर येईल अशी फिरवून.
दूधवाला माणूस तोवर दुसऱ्या काउंटरला गेला होता.

त्याच आठवड्यात माझी रात्रपाळी लागली, माल लावायची.
बाळाच्या दुधाच्या डब्याखाली एक कागद सापडला,
अर्धा बाहेर डोकावणारा:
पाच डॉलर सूट, जूनपर्यंत.
कोपरे गोल कापलेले.
टोकं एकमेकांत अडकतात म्हणून ती गोल कापते,
दुसरं कुणी कापत नाही.

माझी पोर तेव्हा पाच महिन्यांची.
हाच डबा. हाच रंग.
सुट्टीच्या आधी मी खिशातली नाणी मोजते,
ते तिनं पाहिलं असणार, मला वाटलं,
आणि तिथेच, गोठवलेल्या वाटाण्यांच्या ट्रॉलीशेजारी,
मला भलतंच काहीतरी दाटून आलं.

मग डायपरांच्या खाली एक मिळालं.
खोकल्याच्या औषधामागे एक.
मांजरांच्या खाण्यात दोन.
म्हणजे माझ्यासाठी नव्हतं.
ज्याचा हात पोहोचेल त्याच्यासाठी.

मी माझं तेवढं घेतलं. बाकीची
थोडी पुढे ओढून ठेवली.

कूपनच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत,
कायद्याने लिहावं लागतं म्हणे:
रोख मूल्य, एका सेंटचा शंभरावा भाग.
मी हिशोब केला, रात्रीचे तीन वाजले होते.
तिचा अख्खा खोका, गच्च भरलेला,
चारशे कागद धरले तरी
चार सेंट.

पुढच्या बुधवारी ती आली.
मी काही बोलले नाही, तीही नाही.
पट्ट्यावरून सगळ्यात शेवटी
मोहरीची बाटली घरंगळत आली,
बरोबर नवं कूपन, पस्तीस सेंटांचं,
कोपरे गोल.

"दुप्पट धरून सत्तर झाले," मी म्हणाले.

तिने खोक्याला रबर लावलं, दोन वेढे.
"ऐंशी झाले असते," ती म्हणाली.