अट पुढच्या ओळीवर

मे महिना. सर्व्हरला एसी, आम्हाला कूलर.
वाळ्याच्या ओल्या वासात मोटघरे मॅडम
माझा हात माऊसवरून उचलून
कीबोर्डवर ठेवतात:
"इतक्या लांब कायले जातं वं पोरी?
सगळं इथंच तं आहे."

करंगळीखाली कंट्रोल.
त्यासोबत स्लॅश दाबला की ओळ हिरवी होते.
मरत नाही, गप्प बसते.
शिफ्ट आणि एंड, ओळ शेवटपर्यंत निळी.
एफ-फाइव्ह, चालली.

मॅडम गांधीबागेत टायपिंग शिकलेल्या,
बोटांवर रुमाल टाकून.
अजून एंटर मारला की डावा हात
जरासा उठतो,
नसलेली कॅरेज ढकलायला.

"निवडल्याबिगर चालवू नको.
नाहीतर वरपासून खालपर्यंत सगळंच चालते."

मी निवडली होती.
डिलीटची ओळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, निळीशार.
अट पुढच्या ओळीवर होती.

एकेचाळीस हजार तीनशे सहा नळजोडण्या
पाऊण सेकंदात.

कंट्रोल झेड. कंट्रोल झेड. कंट्रोल झेड.
अक्षरं एकेक करून मागे गेली,
पान कोरं झालं,
टेबल रिकामंच राहिलं.
ते फक्त माझं लिहिणं पुसत होतं,
केलेलं नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढली.
रात्रीचा बॅकअप चढवला.
सकाळपासूनच्या पावत्या मात्र त्यात नव्हत्या,
दोनशे सतरा.
काउंटरवरून कार्बन कॉप्या आल्या,
मी वाचत गेले, त्या न बघता मारत गेल्या:
डहाके सुलोचना, एकशे ब्याऐंशी.
शेख मुनीर, मागील बाकीसह.
उईके फागोजी, पत्ता: टाकीच्या मागे.
दोन वर्षांत पहिल्यांदा मी
त्यांची नावं तोंडाने उच्चारली.

साडेनऊला बाहेर पडलो.
हवा अजून तव्यासारखी.
टपरीवर पोहे संपले होते, तर्री उरली होती.
मॅडमनी तीच मागवली, पावाबरोबर,
आणि डोळ्यांतलं पाणी तिखटाच्या नावावर टाकलं.
माझंही.

त्या जूनमध्ये निवृत्त झाल्या.
त्यांच्या जुन्या फाइलींत अजून हिरव्या ओळी सापडतात:
हे चालवू नये. पु. मो.
कारण लिहिलेलं नसतं.
मी पुसत नाही.

आता मी अट त्याच ओळीत लिहिते.
नवीन पोरं हसतात, ओळ लांबते,
स्क्रीनच्या बाहेर जाते.
जाऊ दे.