सामोरचा वारा

पवनीहून निघालो तेव्हा वारा नव्हता.
धानाच्या बांध्या कापून झालेल्या,
वैनगंगेवर धुकं,
आणि कॅरिअरच्या झोळीत दोन ट्यूब, पंप, चिक्की,
बायकोनं बळंच कोंबलेलं स्वेटर.

भिवापूरला रस्त्याकडेला मिरची वाळत होती.
ठसका लागला तोही हसत हसत.

वर्धा नदीच्या पुलावर पहिल्यांदा
कुणीतरी छातीवर तळहात ठेवल्यासारखं झालं.
हलकाच.
थांब म्हणत नव्हतं,
नुसतं विचारत होतं, नक्की ना?

मग माती काळी होत गेली आणि झाडं कमी.
दर्यापूर सोडलं तसं बाकी काही उरलंच नाही,
हरभऱ्याचे घाटे, आभाळ, आणि तो.
माझ्या सायकलीला एकवीस गिअर आहेत,
दुकानदारानं मोजून दाखवले होते.
मी सगळ्यात खालच्यावर,
सपाट रस्त्यावर घाट चढत होतो.
घाटाचं बरं असतं, दिसतो तरी.
वर पोचलं की उतार देणं लागतो.
वारा कुणाचं काही लागत नाही.

कानात एकच अक्षर वाचत बसतो
बालवाडीतल्या पोरासारखा,
पुढचं येत नाही म्हणून पुन्हा तेच.

थ्रेशरचं कुटार दातांत.
ट्रॅक्टरवरून एक जण ओरडला,
"काहून तरास करता भाऊ? उलटे फिरा,
थोच ढकलत नेते घरापावतर!"
आणि मी खरंच मागे वळून पाहिलं.
तीनशे किलोमीटर. पाठीला वारा.
तिसऱ्या दिवशी दारात.

तेवढ्यात घंटी वाजली.
निळी सायकल, शाळेतून मिळालेली,
चेनकव्हर खडखडतंय,
मागे दप्तर, त्यावर चक्कीवरून आणलेला पिठाचा डबा,
ओढणी तोंडाला गुंडाळलेली.
नववी ब. श्रावस्ती तायडे, हे मागून कळलं.
तिनं माझे गिअर पाहिले, गुडघे पाहिले.
"काका, मान वर कायले करता?
त्याले तोंड नोका दाखवू.
माया मागं या. चिटकून या.
पन चाकाले चाक लावू नोका."

आणि ती पुढं झाली.

तिची पाठ ती केवढी.
पण त्या पाठीमागं एक खोली होती,
भिंती नसलेली, पुढं सरकणारी,
जिथं दोन दिवसांनी मला
माझाच श्वास ऐकू आला.

ती रस्ता पाहतच नव्हती.
तुरीच्या गंजीपाशी डावीकडे,
मग बाभळींना चिकटून,
फुटक्या मोरीपाशी उभी राहून दोन पायडल.
"इथं थो दम घेते," म्हणाली, "आता मारा."
आणि खरंच, तो दम घेत होता.

"सकाळी त उडत जातो आमी शाळेत.
येतानीच असं.
उशीर झाला अन् वारा होता म्हनलं
त आई म्हनते, वारा काय आजचा हाय?"

फाट्यावर तिनं बाटली पुढे केली.
"टाकीचं हाय. बोरचं खारं लागन तुमाले."
मी चिक्की दिली. ट्यूबही काढली,
तिनं उलटीपालटी केली, चाकाला लावून पाहिली.
साईज जुळेना.

ती उजवीकडे वळली तसा वारा तिच्या कुशीला आला.
डब्यासकट त्याच्यावर रेलून गेली,
तिरकी, पडेल असं वाटत राहणारी.
कुटाराच्या धुळीत निळी, मग राखी,
मग नाही.

तळहात पुन्हा छातीवर.
मी हँडलवर वाकलो.
तोंड दाखवलं नाही.

रात्री झेडपी शाळेच्या व्हरांड्यात
पत्रा तेच अक्षर गिरवत होता.
वहीत लिहिलं, आज एक्केचाळीस.
मग खोडून सदतीस.
चार तिच्या नावावर टाकले.
बायकोला फोन लावला, म्हटलं,
स्वेटर कामाला आलं.
उशाला.