वडगावात डायपोल

उद्यमबागेत वेल्डिंग करून आणलेला पाइप
चौघांनी उभा केला गच्चीवर.
त्याला तीन ताण. तारेचं दुसरं टोक
शिवलिंगव्वाच्या नारळाला.
ती म्हणाली, वीज पडली तर?
आणि लगेच गाठ चाचपली,
"सैल हाय की रे ही,"
सोडून पुन्हा बांधली.
जन्म गेलाय तिचा तुटले धागे सांधण्यात.

तांब्याची तार, मधल्या केबलपासून दहा-दहा मीटर,
बोटबोट कापत गेलो
काटा खाली येईतो.
सेट लावला तर आत
अख्खी गल्ली गुरगुरत होती,
सगळे माग, सगळ्या मोटरी.
मिस्त्री हसला: एवढं चढून हेच ऐकायचं होतं?

साडेदहाला लाइट गेली.
माग एकदम गप्प.
बॅटरीवर सेट, मेणबत्तीशिवाय मी,
आणि मिनिकॉयहून कुणीतरी
अगदी शेजारी बसल्यासारखं विचारत होतं,
तुमचं गाव?

ब्राव्हो, म्हटलं.
एको.
लिमा.
इथवर पाटीवरचं आणि घरातलं
गाव एकच.
मी श्वास घेतला चौथ्या अक्षरासाठी

तोच लाइट आली.
सगळ्यात आधी
शिवलिंगव्वाचा माग.