चार बोटं कमी

ओडेट थिबोडो आली तेव्हा मी गळाला पिसं बांधत होतो.
मे महिना, तरी पार्किंगच्या कोपऱ्यात
मळका बर्फ ठाण मांडून होता.
मेनचं हे उत्तर टोक : इथे अर्धं गाव
हिशेब इंग्रजीत करतं आणि शिव्या फ्रेंचमध्ये देतं.
तिनं काउंटरवर नळी ठेवली,
नळीतून कापडी पिशवी, पिशवीतून काठी.
"हिला दोरी हवी, एल्फेज. चांगली दे."

चांगली दोरी अशी नसतेच, बाई.
दोरी त्या त्या काठीची असते.

कळकाच्या सहा पट्ट्या, तासून, सरसानं एकजीव केलेल्या,
वर जुन्या मधाच्या रंगाचं रोगण.
मुठीजवळ शाईनं तीन अक्षरं,
दोऱ्या रेशमाच्या होत्या त्या काळातलं माप.
कोष्टकात पाहिलं : म्हणजे आजची पाच नंबर.

दुकानामागच्या गवतावर पाच नंबर लावली,
गळाऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा.
दोरी गेली. काठी नाही गेली.
झोपलेल्याच्या अंगावरून पांघरूण ओढावं
आणि त्यानं कूससुद्धा बदलू नये, तसं.

मग काठीचे दोन्ही भाग शेजारी धरले.
टोकाकडचा चार बोटं कमी.
"हे कधी झालं?"
"चौऱ्याहत्तर साली. रोझेरनं ट्रकचं दार आपटलं हिच्यावर.
अकरा दिवस घरात कुणी बोललं नाही.
मग त्यानंच तुटकं छाटून कडी परत बसवली."

म्हणजे शाई खोटी नव्हती,
ती फक्त आधीच्या काठीबद्दल बोलत होती.
आखूड झालेलं टोक ताठर होतं,
त्याला वाकवायला जास्त वजन लागतं.

तिनं पर्समधून तंबाखूची डबी काढली.
आत त्याची रेशमी दोरी, चिकट, काकवीसारखी.
मी म्हटलं, ही सुधारता येईल,
पण रोज संध्याकाळी रिळावरून उतरवायची,
खुर्च्यांना गुंडाळून वाळवायची, मेण चोळायचं—
"मला सांगतोस?" ती म्हणाली.
"चाळीस वर्षं तिच्याखालून वाकून मी चुलीपाशी गेले.
प्लास्टिकची दे."

"फेकायची किती लांब?"
यावर ती गप्प. मी म्हटलं, ओडेट,
ताकाला येऊन भांडं लपवू नकोस.
"दगडापर्यंत," ती म्हणाली. "सात पावलं.
तो पाण्यात उभा राहायचा, मी दगडावर विणत बसायचे.
दोरी माझ्या डोक्यावरून पलीकडच्या काठाला जायची,
तिकडे मोठे असतात म्हणून.
आणि दगडाखाली, माझ्या पायाशी, नेहमी एक ट्राउट.
एक मेला की दुसरा यायचा, जागा तीच."
"सांगितलं नाहीस?"
"त्यानं विचारलं नाही."

सहा नंबर लावली.
लांब फेकायला ती जडच, कुणीही सांगेल.
पण सात पावलांवर, दोरी जेमतेम बाहेर असताना,
काठी टोकापासून मुठीपर्यंत जागी झाली,
आणि लाल लोकर गवतावर टेकली,
कुणी कानात काही सांगून मागे सरकावं तशी.
ओडेटनं माझ्या हातातून काठी घेतली.
मनगट माझ्यापेक्षा बरं होतं तिचं.
बघून बघून शिकली असणार.

गवताच्या काडीच्या रंगाची तिनं निवडली.
दोन्ही टोकांना निमुळती :
एक झिजलं की उलटून लाव, म्हटलं,
अर्धी अजून कोरी निघेल.
तिनं पैसे मोजले, नाणी वेगळी ठेवली.

डबी राहिली काउंटरवर.
विसरली म्हणून फोन केला, तर म्हणाली, नाही.

जूनमध्ये वरच्या पुलापाशी तिची गाडी दिसली,
टपावर धुकं, आत कुणी नाही.
मी वेग कमी केला.
थांबलो नाही.